विचाराधीन कोंबडी

हुबळीच्या देशपांडे नगरात राहणारे कापडव्यापारी दत्तात्रय कोपर्डे यांनी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, नाष्ट्याच्या वेळी, आपल्या चार वर्षांच्या नातीला एक पुस्तक वाचून दाखवण्याचा निर्णय घेतला. पुस्तक चित्रांचं असावं, पानं सोळाच्या वर नसावीत आणि वाचायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, असं साधारण ठरलं. या सहा मिनिटांसाठी त्यांच्या हातात तीन आठवडे होते. तेवढे पुरले नाहीत.

यात दत्ताण्णांचा आळस होता असं कुणी म्हणेल तर त्याला पाप लागेल. दुर्गदबैलजवळ चाळीस वर्षं लुगड्यांचं दुकान चालवलेला माणूस तो. आळशी असता तर केव्हाच झोपला असता. उलट सगळा घोळ झाला तो त्यांच्या चोखंदळपणामुळे, आणि चोखंदळपणाला आपल्याकडे अजून कुठलं औषध निघालेलं नाही.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा रोहित आणि सून स्नेहा, दोघांना बेंगळुरूला नोकरी लागली होती. पंचवीस तारखेच्या दुपारच्या गाडीने ती दोघं आणि नात वेदश्री, अशी तिघं जायची होती. बांधाबांध सुरू झाली तशी घरातला जो तो वेदश्रीला विचारू लागला, बाळा, तुला जाताना काय देऊ? फ्रॉक? सायकल? बोलणारी बाहुली? पोरीने सगळ्यांना उडवून लावलं आणि आजोबांच्या मांडीवर चढून म्हणाली, "अज्जा, तू मला एक पुस्तक वाचून दाखव. मग मी जाते."

'मग मी जाते' ऐकताच दत्ताण्णांनी तिला आणखी जवळ ओढलं. चार वर्षं हे पोर दुकानातल्या ताग्यांवर लोळून मोठं झालं होतं. ते म्हणाले, "एक काय, चांगल्यातलं चांगलं पुस्तक वाचतो की तुला!"

इथेच चुकलं. नुसतं 'वाचतो' म्हणाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

त्याच दिवशी संध्याकाळी आजोबा-नात लॅमिंग्टन रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानाचा मालक सागर चुणचुणीत पोरगा. त्याने लहान मुलांचा खालचा कप्पा दाखवला. वेदश्री फतकल मारून बसली, पहिलं हाताला लागलं ते पुस्तक ओढलं, आणि उघडून हसत सुटली. पुस्तक एका कोंबडीचं होतं. एक म्हातारा अंघोळीला जाताना आपला पटका काढून ओट्यावर ठेवतो, आणि कोंबडी जाऊन त्या पटक्यात बसते. म्हातारा म्हणतो, ऊठ. कोंबडी म्हणते, अंहं! म्हातारी येते, पाटील येतो, शाळेचे मास्तर येतात. सगळे म्हणतात, ऊठ. कोंबडी मान हलवते, अंहं! सागरने तिथेच उकिडवं बसून तिला ते शेवटपर्यंत वाचून दाखवलं. शेवटचं पान बघून पोरीने टाळ्या पिटल्या. दत्ताण्णा तेवढा वेळ वरचे कप्पे न्याहाळत होते.

"अज्जा, हेच बेकु!" ती म्हणाली. कोपर्ड्यांचं घर मराठी; पण वेदश्रीचा हट्ट नेहमी कन्नडमध्ये असे. तिने 'बेकु' म्हटलं की ती वस्तू पाहिजे म्हणजे पाहिजे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ठेव ते," दत्ताण्णा म्हणाले. "पहिलंच कसं घ्यायचं?"

"का अण्णा?" सागरने विचारलं. "पोरीला आवडलंय की."

"अरे, तू दुकानदार ना? मग तुला ठाऊक नाही? पहिली घडी पसंत करणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पहिली घडी दाखवायची असते, घ्यायची नसते. मी स्वतः चाळीस वर्षं पहिल्यांदा पडेल मालच उलगडत आलो."

दत्ताण्णांनी पायताण काढलं, मांडी घालायला जागा केली, आणि आणखी पुस्तकं उलगडायला सांगितली. एकेक पान चिमटीत धरून त्याचा पोत पाहिला. एक पुस्तक उजेडात नेऊन आडवं धरलं.

"याचा रंग जाईल काय?"

"अण्णा, पुस्तक धुवायचं नसतं."

"चार वर्षांचं पोर आहे. धुवायची वेळ येते."

दोन तासांत बावीस पुस्तकं उलगडून झाली. एव्हाना वेदश्री कोंबडी छातीशी धरून तिथेच झोपली होती. शेवटी दत्ताण्णांनी सात पुस्तकं बाजूला काढली, आणि लुगड्यांच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य उच्चारलं, "पसंतीला घेऊन जातो. घरी दाखवतो, एक ठेवतो, बाकीची परत आणतो. एक डाग पडणार नाही, शब्द देतो." सातवं पुस्तक कोंबडीचं होतं, कारण ते झोपलेल्या पोरीच्या हातातून सुटेना.

घरी आल्यावर शालिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, पिशवीत डोकावून पाहिलं. "अहो, एवढं काय त्यात? ती कोंबडी वाचून टाका की तिला आत्ता. सहा मिनिटांचं काम."

"अगं, लहान मुलाच्या मनावर परिणाम होतो. जाणत्या माणसांना विचारलेलं बरं."

आपल्याकडे जाणत्या माणसांची टंचाई नाही. शेजारचे भांड्यांचे व्यापारी गोविंदशेठ अर्ध्या तासात आले, येताना निवृत्त मुख्याध्यापक पुंडलिकमास्तरांना घेऊन आले, आणि मास्तरांनी फोन करून दातांच्या डॉक्टर संगीताबाईंना बोलावून घेतलं. दात आणि पुस्तक यांचा संबंध काय, असं शालिनीबाई चहा टाकताना पुटपुटल्या. पण ते कार्यवृत्तात नोंदलेलं नाही.

पुंडलिकमास्तरांनी सातही पुस्तकं एकावर एक रचली, त्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "दत्ताण्णा, हे असं घरगुती पद्धतीनं होत नसतं. निकष लागतात." दुसऱ्या दिवशी नगरातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात 'बालश्रवणार्थ चित्रपुस्तक निवड समिती' स्थापन झाली. अध्यक्ष पुंडलिकमास्तर, सदस्य गोविंदशेठ आणि डॉक्टर संगीता, निमंत्रक दत्ताण्णा. दत्ताण्णांची छाती फुगली. नातीसाठी पुस्तक निवडायला समिती बसलेला आजोबा अख्ख्या धारवाड जिल्ह्यात दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच असावं.

पहिल्या बैठकीत अस्वल बाद झालं. अस्वल मध खाऊन चूळ न भरता झोपतं, याला डॉक्टर संगीतांनी लेखी हरकत घेतली. मांजर दूध चोरून पितं, आणि गोष्टीत त्याला कुणी रागवत नाही, म्हणून मांजरही गेलं. खिरीची एक छान गोष्ट होती, पण तिच्यात पातेलं तळाला लागतं. गोविंदशेठ उठून उभे राहिले. "अशानं लहानपणापासून भांड्यांविषयी मन कलुषित होतं," ते म्हणाले, आणि खिरीचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला सारलं.

दुसऱ्या बैठकीत चांदोबा खाली उतरतो म्हणून चांदोबा बाद झाला. भूगोलाला धरून नाही. ससा शाळेत डुलक्या काढतो म्हणून ससा, आणि बेडूक अंगात काही घालत नाही म्हणून बेडूक. दत्ताण्णांनी, बेडकाला आपल्या दुकानातर्फे धोतर देता येईल, अशी तयारी दाखवली. पण चित्र आधीच छापून झालेलं असल्याने तो देकार फेटाळला गेला.

या बैठका चालत तेव्हा वेदश्री सभागृहाच्या खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी असे. मुलांना आत यायची बंदी होती. माल पसंतीला आणलेला, त्याला चिकट हात लागून चालणार नव्हतं. "अज्जा," ती गजातून विचारी, "माझी कोंबडी झाली काय?"

"विचाराधीन आहे, पुटी," दत्ताण्णा लाडानं सांगत. "थांब जरा."

तिसऱ्या बैठकीला फक्त कोंबडी उरली होती. गाडीला नऊ दिवस होते. आता ही तरी पार पडते का नाही, या धास्तीनं दत्ताण्णांनी सकाळी सिद्धारूढ मठाच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

पहिला प्रश्न गोविंदशेठनी काढला. ज्या घरात वार पाळले जातात तिथे कोंबडी सोमवारी वाचावी काय? खल होऊन ठरलं की वाचायला हरकत नाही, कारण वाचून पोटात जात नाही. मग मास्तरांनी भाषेचा मुद्दा घेतला. कोंबडी हुबळीच्या मुलांपुढे यायची, तर ती मराठीतच का बोलते? उद्या कुणी विचारलं तर मंडळानं काय उत्तर द्यायचं? अखेर डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, ती फक्त अंहं म्हणते. अंहं दोन्ही भाषांत तेच." समितीच्या साऱ्या कारकिर्दीत एकमतानं मंजूर झालेला हा एकमेव ठराव.

पण पान दोनवर गाडी अडली. मास्तर पुस्तक वाचत असत ते हजेरी घेतल्यासारखं. "कोंबडी. बसली. उठत नाही," असं वाचून त्यांनी चष्मा काढला. "वडीलधारे सांगतात ऊठ, आणि ही म्हणते अंहं. पाटील सांगतो, अंहं. मास्तर सांगतात, मास्तर, तरी अंहं! हे आपण मुलांना शिकवायचं? माझ्या वर्गात असती तर..."

"आणि पटक्यात बसते," गोविंदशेठ म्हणाले. "पटका म्हणजे घराण्याची अब्रू."

"मग ही पण बाद?" दत्ताण्णांचा आवाज एवढासा झाला. "मास्तर, पोरगी जायची आहे हो. नऊ दिवस राहिले. काहीतरी वाट काढा."

दत्ताण्णांचा चेहरा पाहून समितीला पाझर फुटला. समिती दुष्ट नव्हती. दुष्ट माणसं कधी समितीत फुकट बसत नाहीत. पुस्तक बाद न करता निर्दोष करायचं ठरलं. आक्षेपार्ह भाग कापून काढा, मास्तर म्हणाले. तेव्हा दत्ताण्णांमधला व्यापारी जागा झाला. पसंतीला आणलेल्या मालाला कात्री? छे छे, शब्द दिलाय. त्यापेक्षा वरून चिकटवू. त्यांच्या दुकानात किंमत लिहायची कोरी पांढरी लेबलं होती, लहानमोठी, पोतंभर. त्या लेबलांची बाजारात ख्याती अशी की लुगडं गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत लेबल रस्त्यात कुठेतरी गळालेलं असे. मालाला डाग म्हणून पडत नसे.

चौथी बैठक, गाडीच्या आदल्या दिवशी, चिकटवण्याची झाली. पान एकवर म्हातारा उघड्या अंगानं अंघोळीला जातो, त्यावर लेबल. पान दोनवर आज्ञाभंग, लेबल. म्हातारीच्या हातात काठी म्हणून हिंसा, लेबल. पाटलाच्या तोंडात पान, डॉक्टरांनी स्वतः दोन लेबलं लावली. मास्तर हतबल दाखवलेत, त्यावर अध्यक्षांनी तीन. दत्ताण्णा लेबलं चाटून चाटून देत होते आणि मनात म्हणत होते, झालं, झालं, आता झालं. पंधराव्या पानापर्यंत येता येता दिवे लागायची वेळ झाली. सोळावं पान कुणी उघडलंच नाही. त्यावर सरसकट आडवं लेबल मारून टाकलं, कारण अशा गोष्टीचा शेवट चांगला असणं शक्यच नव्हतं. मग मुखपृष्ठावर, बरोबर कोंबडीच्या कपाळावर, शिक्का बसला. 'समितीने तपासले. मुलांस मोठ्याने वाचून दाखवण्यास योग्य.'

टाळ्या झाल्या. फरसाण झालं. दत्ताण्णांचे डोळे भरून आले.

पंचवीस तारीख उजाडली. दुपारी जेवणं उरकून बॅगा दारात आल्या. गाडीला सव्वा तास होता, रिक्षा सांगून ठेवलेली. दत्ताण्णा झोपाळ्यावर बसले, चष्मा पुसला, वेदश्रीला मांडीवर घेतलं. "हं पुटी, दिलेला शब्द." आणि पुस्तक उघडलं.

पान पांढरं होतं. त्यांनी उलटलं. तेही पांढरं.

"वाच की अज्जा."

दत्ताण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. चार बैठका ते या पुस्तकासमोर बसले होते. पण आठवत होत्या त्या हरकती. गोष्टीची एक ओळ आठवेना. "एक होती... म्हणजे आज्ञाभंग..." ते म्हणाले. "मग हिंसा. मग पान खाल्लं कुणीतरी..." वेदश्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हसली नाही. दत्ताण्णांना वाटलं, जमीन दुभंगावी.

शालिनीबाई शिदोरीचा डबा बांधत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "दुकानातनं घरी येऊन तुम्हीच सांगत होता ना मला बस्त्याच्या गमती? लग्नाच्या कापडखरेदीला तीस माणसं येतात, आत्या काठ बघते, मामा पदर बघतो, चुलता म्हणतो रंग भडक. चाळीस लुगडी उलगडतात, आणि जिनं नेसायचं ती नवरी मेली कोपऱ्यात बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही. पोट धरधरून हसायचा तुम्ही."

दत्ताण्णांना आता हसू आलं नाही. ते एकदम म्हातारे दिसू लागले. "चुकलंच गं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. पोर दुकानातच सांगत होती."

"अज्जा, दे इकडं," वेदश्री म्हणाली. "तुला येत नाही. मी वाचते." तिने पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं आणि पांढऱ्या पानावर बोट ठेवून घडाघडा सुरू केलं. "आजोबा अंघोळीला गेले. पटका ओट्यावर. कोंबडी आली, बसली! आजोबा म्हणाले ऊठ. कोंबडी म्हणाली..." तिने मान वर करून वाट पाहिली. "अज्जा, हे तू म्हणायचं."

"अंहं," दत्ताण्णा चाचरत म्हणाले.

"मोठ्यानं!"

"अंहं!"

पाचव्या पानावर ती थबकली. लेबल तिरकं लागल्यामुळे वरून लाल तुऱ्याचं एवढंसं टोक डोकावत होतं. "इथं लपलीय!" पोर किंचाळली, आणि नखानं लेबलाचा कोपरा उचकटला. लेबल कोपर्ड्यांच्या दुकानातलं. ते जणू याच क्षणाची वाट बघत होतं. अल्लद निघालं, आणि खालून कोंबडी जशीच्या तशी, लालबुंद, फुगून बसलेली. डाग म्हणून नाही.

मग काय विचारता! आजोबा एका बाजूनं, नात दुसऱ्या बाजूनं. काठीवाली म्हातारी निघाली, पाटील निघाला, तीन लेबलांखालून मास्तर निघाले. झोपाळ्याखाली लेबलांचा सडा पडला. आणि सोळाव्या पानावरचं आडवं लेबल काढलं तेव्हा दत्ताण्णा बघतच राहिले. पटक्यात सहा पिल्लं होती. पिवळी, ओली, डोळे मिचकावणारी. खाली एकच ओळ होती: 'का बसलीस, असं कुणी विचारलंच नाही.'

"तुला माहीत होतं?" त्यांनी नातीला विचारलं.

"होय की," वेदश्री म्हणाली. "त्या दिवशीच बघितलं. परत पहिल्यापासून."

पहिल्यापासून झालं. पुन्हा झालं. दारात रिक्षा येऊन भोंगा वाजवू लागली. रोहित आत आला. "अप्पा, चला, गाडी सुटेल. वेदू, ऊठ!"

"अंहं!" वेदश्री म्हणाली.

"अप्पा, तुम्ही तरी उठा!"

"अंहं!" दत्ताण्णा म्हणाले.

स्नेहा आली, घड्याळ दाखवून ओरडली. झोपाळ्यावरून दोघांनी मिळून मान हलवली. रिक्षावाला डोकावून म्हणाला, "अण्णा, उठा की, होत्तायितु!" उशीर झाला, हे त्याचं बरोबरच होतं. त्यालाही तेच उत्तर मिळालं. तो हसत हसत उंबऱ्यावर टेकला आणि मान लांब करून चित्रं बघू लागला. थोड्या वेळानं रोहितही बॅगेवर बसला. दुपारची गाडी आपल्या वेळेवर, त्यांना न घेता, बेंगळुरूला गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी होती. त्या गाडीने कोंबडीही गेली.

सागरकडे सहा पुस्तकं स्वच्छ परत पोचली. दत्ताण्णांनी समितीचा लेखी राजीनामा दिला. त्यात फक्त सहा पिल्लांची चित्रं होती, वेडीवाकडी. पुंडलिकमास्तरांनी तो हरकतीसह दाखल करून घेतला.

समितीचं काम मात्र थांबलेलं नाही. थांबणार कसं? समिती चालायला दप्तरात चार नावं असली की झालं. आणि आता एक जागा रिकामी आहे. हे वाचताना कोंबडीनं निदान मास्तरांसाठी तरी उठायला हवं होतं, किंवा ठरलेली गाडी अशी चुकवणं बरं नव्हे, असं तुमच्या मनात एकदा जरी आलं असेल, तर ती जागा तुमचीच. अर्ज मंडळाच्या सभागृहात, रविवारी अकरा वाजता. पात्रता विशेष नाही. घरात पुस्तक घेऊन मघापासून उभं असलेलं एक लहान मूल असावं, आणि त्याला तुम्ही 'थांब जरा' म्हटलेलं असावं.